शेरीफ आणि शरीफ

मुंबईच्या नगरपालांस इंग्रजीत ‘शेरीफ’ म्हणतात हे ज्यांनी ऐकले आहे, आणि ‘शरीफ माणूस’, ‘शरीफ घराणे’ हे प्रयोगही ज्यांच्या कानावरून गेले आहेत, अशा वाचकांच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो : हे दोन शब्द मुळात एकच नाहीत काय? प्रश्न गैरवाजवी नाही. शहरातील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थास वर्षभरापुरता हा मान द्यावयाचा, अशी जेथे चाल आहे तेथे ‘शरीफ’ शब्दातील सभ्यतेची आणि खानदानीची छाया त्या हुद्द्यावर पडावी हे स्वाभाविकच होय. शिवाय इंग्रजी भाषेने अरबीतून शब्द उचलले आहेत हेही खरे. आरमाराचा ‘अ‍ॅडमिरल’ हा मूळचा ‘अमीर’ आहे, आणि दारूगोळ्याचे कोठार असा आरंभी व मासिक असा पुढे अर्थ पावलेला ‘मॅगझीन’ हा शब्द आपल्या ‘खजिन्या’च्याच कुळातला आहे. मग शेरीफही त्याच वाटेने विलायतेस गेला असेल, असे अनुमान कोणी केले तर त्यास दोष कसा द्यावा?

तथापि ते अनुमान खरे नाही. शेरीफ हा शब्द अरबस्तानाचे वारे इंग्लंडला लागण्यापूर्वी तेथे घडलेला आणि हजार वर्षे तेथील राजवटीच्या प्रत्येक स्थित्यंतरातून गेलेला आहे. त्याची हकीकत क्रमाक्रमाने पाहण्यासारखी आहे.

१. ध्वनिसाम्य आणि पुरावा

प्रथम अरबी शब्दाचा निकाल लावू. ‘शरीफ’ हा शब्द ज्या धातूपासून निघाला त्याचा अर्थ उंची, उन्नती, थोरवी असा आहे. ‘शरीफ’ म्हणजे थोर कुळातला. विशेषतः पैगंबरांचे नातू हसन यांच्या वंशजांना ही पदवी लावीत, आणि मक्केचे अधिपती शतकानुशतके ‘शरीफ’ म्हणूनच ओळखले जात. आपण पाहुण्यास ‘तशरीफ ठेवा’ म्हणतो तो शब्द याच धातूचा. आणि जुन्या बखरींतून वावरणारी ‘अशरफी’ हीसुद्धा याच घराण्यातली, कारण पंधराव्या शतकात मिसर देशावर राज्य करणाऱ्या अल-अश्रफ बार्सबाय या सुलतानाच्या पदवीवरून त्या सुवर्णनाण्यास ते नाव पडले. या सर्व परिवाराच्या मुळाशी कुलीनता आहे. कामकाजाशी, वसुलाशी किंवा मुलुखाच्या बंदोबस्ताशी त्याचा जन्मतः काही संबंध नाही.

आता व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला नियम लक्षात घ्यावा. दोन शब्द आज सारखे ऐकू येतात एवढ्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. प्रत्येकाचा जुन्यात जुना लेखी अवतार शोधून काढावा, तेथपासून आजपर्यंतची प्रत्येक पायरी तपासावी, आणि मग या दोन वाटा मागे कोठे एकत्र येतात काय ते पाहावे. ‘पाध्ये’ हे आडनाव घ्या. ते ‘उपाध्याय’ शब्द झिजून झाले आहे. परंतु ही मधली झीज ज्यास ठाऊक नाही असा कोणी त्याचा संबंध पाय धुण्याच्या ‘पाद्या’शी जोडू लागला तर ध्वनी त्याच्या बाजूने साक्ष देईल, पुरावा देणार नाही.

शेरीफाच्या बाबतीत पुरावा स्वच्छ आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी कागदपत्रांत हा शब्द ‘शीरगेरेफा’ अशा लांबलचक रूपात लिहिलेला आढळतो. त्यातील मधला ‘गे’ हा उच्चारात ‘ये’सारखा मृदू होता आणि ‘फा’चा उच्चार ‘वा’सारखा होई; तेव्हा लिहिणारा ‘शीरगेरेफा’ लिही आणि बोलणारा ‘शीरयेरेवा’ म्हणे. पुढे मधला दुर्बल ‘ये’ गळून पडला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीच्या लेखनात ‘शिरेव्ह’ असे रूप दिसते; त्यानंतर शेवटचा ‘व्ह’ कठोर होऊन ‘फ’ झाला आणि आजचा शेरीफ तयार झाला. ख्रिस्ती योद्ध्यांची पहिली धर्मयुद्धाची मोहीम १०९५ साली पुकारली गेली. त्याच्याही आधी हा शब्द इंग्लंडच्या दप्तरात रुजू होता. मक्केच्या शरीफाशी त्याचा मेळ केवळ यदृच्छेचा आहे.

शीर आणि गेरेफा अशी ही दोन पदे झाली. त्यांचा अर्थ वेगवेगळा समजून घेतल्याखेरीज जोडशब्दाचे मर्म कळावयाचे नाही.

२. ‘शीर’ म्हणजे काय?

यॉर्कशायर, हॅम्पशायर, लँकेशायर या नावांतील ‘शायर’ तोच हा ‘शीर’. आज त्याचा अर्थ परगणा किंवा जिल्हा असा होतो. परंतु जुन्या इंग्रजीत त्याचा आधीचा अर्थ भूमीशी संबद्ध नव्हता. ‘शीर’ म्हणजे सोपविलेले काम, जबाबदारी, हुद्दा. एखाद्यास शीर मिळाले म्हणजे त्यास अधिकार मिळाला. आणि तो अधिकार ज्या टापूवर चाले तो टापूही कालांतराने शीर म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठी वाचकास यात नवल वाटू नये. आपल्या ‘मामलत’ शब्दाचीही हीच गत झाली. मूळ अरबी शब्द कामकाज, व्यवहार एवढाच अर्थ सांगतो, पण मामलेदाराचा कारभार ज्या मुलुखावर चाले त्या मुलुखासही लोक मामलत म्हणू लागले. ‘शीर’ शब्दाचा संबंध कापणे, तुकडा पाडणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाशी लावून ‘राज्यातून कापून काढलेला तुकडा’ असा खुलासा पूर्वी केला जाई. तो आता ग्राह्य मानीत नाहीत.

दक्षिण इंग्लंडातील वेसेक्स राज्यात अशी शायरे आठव्या-नवव्या शतकांपासून दिसतात. दहाव्या शतकात त्या राज्याच्या राजांनी डेन लोकांच्या ताब्यातील मध्य इंग्लंड पुन्हा जिंकून घेतले तेव्हा तेथेही हीच घडी बसविण्यात आली. त्यांतील कित्येकांच्या सीमा पुढे जवळजवळ हजार वर्षे फारशा हलल्या नाहीत.

३. गेरेफा : मोजदाद करणारा माणूस

दुसरे पद ‘गेरेफा’. याचे आजचे इंग्रजी रूप ‘रीव्ह’ असून ते अनेक इंग्रजांच्या आडनावात शिल्लक आहे. त्यातील ‘गे’ हा समूहवाचक उपसर्ग, आणि पुढचे अंग हे क्रमाने लावलेली ओळ किंवा गणना या अर्थाच्या शब्दापासून निघाले असावे असे मानतात. वर्णमालेस जुन्या इंग्रजीत जो शब्द होता त्याच्या उत्तरार्धात हेच अंग येते. हे खरे मानल्यास गेरेफा हा मुळात मोजदाद करणारा, माणसांची वा मालाची नोंद ठेवणारा कामगार ठरतो. जर्मन भाषेतील ‘ग्राफ’ या सरदारी किताबाशी त्याची सांगड घालण्याचा मोह अनेकांस झाला आहे. तेही नाते खरे नाही.

गेरेफा एकाच दर्जाचा नसे. राजाच्या खाजगीतील शेतवाडीचा कारभारी हा गेरेफा, मठाच्या जमिनीचा व्यवस्थापक हाही गेरेफा, आणि व्यापारी नगराचा अंमलदार हा ‘पोर्टरीव्ह’. विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर लंडनच्या नागरिकांस जी छोटीशी अभयसनद दिली, ती तेथील बिशप आणि पोर्टरीव्ह यांच्या नावानेच आहे. खेड्यातल्या रीव्हची पायरी याहून पुष्कळ खालची. तो कुळांपैकीच एक असे आणि जमीनदाराच्या वतीने इतर कुळांच्या कामावर नजर ठेवी. चॉसरच्या यात्रेकरूंमध्ये जो हिशेबी, कृश आणि धूर्त रीव्ह आहे तो या वर्गातला.

या कामगाराचे एक दर्शन जुन्या इंग्रजी बखरीत घडते, आणि ते इतके सजीव आहे की ते सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस, बेओर्हट्रिक हा वेसेक्सचा राजा असताना, उत्तरेकडील लोकांची तीन जहाजे दक्षिण किनाऱ्यावर येऊन लागली. परके व्यापारी आले म्हणजे त्यांना राजाच्या ठाण्यात हजर करून त्यांची नोंद करणे हा रिवाज होता. त्या रिवाजास अनुसरून तेथील राजाचा गेरेफा घोड्यावर बसून किनाऱ्याकडे गेला, आणि ही मंडळी कोण आहेत याची काहीच कल्पना नसल्यामुळे त्यांना ठाण्याकडे चलण्याचे फर्मावू लागला. त्यांनी त्यास तेथेच ठार मारले. एथेलवेअर्ड या पुढच्या बखरकाराने त्याचे नाव बेआडूहेअर्ड असे दिले असून तो डॉर्चेस्टरहून गेला असे लिहिले आहे. इंग्लंडवर पुढे तीन शतके ज्या उत्तरीय आक्रमकांनी कहर केला त्यांच्या पहिल्या बळींत नोंदवहीचे काम करावयास निघालेला एक सरकारी नोकर होता. बखरकारांनी या दिवसाची आठवण राखली याचे कारण जहाजे खरे. पण त्यांच्या नोंदीमुळे गेरेफाचे काम काय होते हेही आपणांस कळते. परक्याची चौकशी करावी, त्यास हद्दीत बंदोबस्ताने ठेवावे, राजाचा हक्क वसूल करावा आणि हे सारे राजाच्या नावाने करावे.

४. दोन पदांची गाठ

प्रत्येक शायरावर आरंभी ‘एल्डरमन’ नावाचा मोठा सरदार असे. परंतु दहाव्या शतकात एकेका एल्डरमनाकडे अनेक शायरे येऊ लागली. तो मोठ्या मुलुखाचा धनी झाला, त्याचे वजन राजासही जाचू लागले, आणि प्रत्यक्ष शायरात राजाच्या हक्कांची काळजी वाहणारे कोणी उरले नाही. तेव्हा ज्या वर्गातील माणसे आजवर राजाच्या शेतवाड्या आणि नगरे सांभाळीत आली होती त्यांतलाच एकजण संपूर्ण शायरासाठी नेमण्यात येऊ लागला. शीराचा गेरेफा तो शीरगेरेफा. सरदाराची सत्ता कुळामुळे येते, या माणसाची सत्ता नेमणुकीने येते आणि नेमणूक रद्द होताच जाते. हा भेद फार महत्त्वाचा आहे, आणि मुलकी कारभाराचा पाया याच भेदावर उभारलेला असतो असे मला वाटते.

त्याच्या कामांपैकी एकाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. एडगर राजाच्या कायद्याने शायराची सभा वर्षातून दोनदा भरवावयाची असे. जमिनीचे तंटे, वारसाचे वाद, चोऱ्या, सारे या सभेपुढे येई, आणि राजाचा हुकूमही येथेच वाचून दाखविला जाई. एडवर्ड राजाचे हुकूम बहुधा बिशप, सरदार, शेरीफ आणि शायरातील राजाचे मानकरी अशा सर्वांस मिळून लिहिलेले असत, याचे कारण हेच की ते सभेत वाचण्यासाठी होते. सरदार आणि बिशप यांचे येणे पुढे विरळ होत गेले. सभा चालविण्याचा भार शेरीफावर पडला.

५. मक्ता आणि चौकटीचा गालिचा

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारची भाषा पालटली. लॅटिन कागदात शेरीफास ‘व्हायसकोम्स’ म्हणजे सरदाराचा प्रतिनिधी असे म्हणू लागले. ‘व्हायकाउंट’ हा उमरावी किताब याच शब्दापासून निघाला. पण लोकांच्या तोंडी जुना इंग्रजी शब्दच राहिला, आणि हुद्दा तर पूर्वीपेक्षाही प्रबळ झाला. शायरातील किल्ला, फौज, न्यायसभा आणि वसूल ही चारी सूत्रे पुष्कळदा एकाच माणसाच्या हाती आली.

वसुलाची पद्धत मक्त्याची होती. प्रत्येक शायराबद्दल राजास वर्षाकाठी किती रक्कम द्यावयाची हे ठरलेले असे. समजा, एका शायराचा मक्ता ३०० पौंडांचा आहे. शेरीफाने राजाच्या जमिनींचे उत्पन्न, दंड, नजराणे मिळून ३६० पौंड जमविले तर वरचे ६० त्याचे झाले. २७०च जमले तर ३० पौंड त्याने पदरचे भरावयाचे. आता या व्यवस्थेत शेरीफ प्रजेशी कसा वागेल हे सांगण्यास मोठ्या राजनीतिज्ञाची गरज नाही. या ठरीव रकमेस लॅटिनमध्ये ‘फिर्मा’ म्हणत. तिचे इंग्रजी रूप ‘फार्म’. पुढे ठरीव खंडाने घेतलेल्या जमिनीसही फार्म म्हणू लागले, आणि शेवटी कोणतीही शेती फार्म झाली.

या मक्त्याचा हिशेब देण्यासाठी शेरीफास ईस्टर आणि सप्टेंबरअखेरचा मायकेलमस या दोन सणांच्या सुमारास राजाच्या हिशेबकचेरीपुढे उभे राहावे लागे. तेथे सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे मेज असून त्यावर चौकटी आखलेले कापड अंथरलेले असे. अंकांची आजची पद्धत तेव्हा त्या देशात रूढ नव्हती आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे दुष्कर. म्हणून पेनी, शिलिंग, पौंड, विसांचे, शतकांचे असे स्तंभ कल्पून त्यांत सोंगट्या मांडीत. एका ओळीत देय रक्कम, तिच्याखाली भरणा. वरच्या सोंगट्या खालच्यांनी वजा करीत गेले की बाकी डोळ्यांना दिसे, आणि ज्यास अक्षरओळख नाही अशा शेरीफासही ती नाकारता येत नसे. बुद्धिबळाच्या पटासारख्या या कापडावरून त्या कचेरीस ‘एक्सचेकर’ हे नाव पडले, आणि इंग्लंडचा अर्थमंत्री आजही त्याच नावाने ओळखला जातो. या कामाचे सविस्तर वर्णन रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० ते ११८० या दशकात लिहून ठेवले आहे.

भरण्याची पावती कागदावर नसे. लाकडाच्या काठीवर रकमेप्रमाणे लहानमोठ्या खाचा पाडून ती उभी चिरीत. एक भाग शेरीफाकडे, दुसरा कचेरीत. दोन्ही भाग जुळले नाहीत तर लबाडी उघड होई. अंतिम जमाखर्च कातड्याच्या गुंडाळ्यांवर लिहीत. त्यांतील ११३० सालची गुंडाळी आज सर्वांत जुनी शिल्लक आहे. काठ्यांची ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली, आणि साठलेल्या जुन्या काठ्या १८३४ मध्ये जाळीत असता भट्ट्या अनावर होऊन लंडनचे जुने पार्लमेंटगृह भस्मसात झाले.

६. नॉटिंगहॅमचा शेरीफ

मक्तेदार अंमलदाराची जी अपकीर्ती व्हावयाची ती झाली. दुसऱ्या हेन्रीने ११७० साली शेरीफांच्या वर्तनाची कसून चौकशी करविली आणि बहुतेकांस कामावरून दूर केले. ११९४ मध्ये ‘कॉरोनर’ हा नवा अंमलदार नेमण्यात आला. अपमृत्यूची चौकशी करून राजाच्या हक्कांची नोंद ठेवणे हे त्याचे काम असल्यामुळे शेरीफाच्या हातातील एक सत्ता कमी झाली. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत तर शेरीफाचे नाव पुनःपुन्हा येते : त्याने गंभीर फौजदारी दावे चालवू नयेत, मालकाच्या संमतीवाचून कोणाचे घोडे किंवा गाड्या बेगारीस धरू नयेत, आणि ज्यास देशाचा कायदा ठाऊक आहे अशाच मनुष्यास शेरीफ नेमावे. ज्या परकीय अंमलदारांस काढून टाकण्याची मागणी त्या सनदेत नावानिशी केली आहे त्यांत फिलिप मार्क हा एक असून तो त्या वेळी नॉटिंगहॅम आणि डर्बी या शायरांचा शेरीफ होता. सनदेत तसे लिहिले जाऊनही तो पुढे काही वर्षे त्याच जागी राहिला, हीही नोंद घेण्याजोगी आहे.

रॉबिन हुडच्या पोवाड्यांत जो दुष्ट शेरीफ आहे तो नॉटिंगहॅमचाच. हा तोच फिलिप मार्क, असे म्हणण्यास आधार नाही; पोवाड्यांतील शेरीफास स्वतःचे नावच नाही. माझ्या मते ते नाव नसणे हाच अधिक बोलका पुरावा होय. लोकांना व्यक्ती आठवत नव्हती, हुद्दा आठवत होता. आणि घोडा ओढून नेणारा, दंड उकळणारा, किल्ल्याच्या तळघरात कोंडणारा म्हणून तो आठवत होता. गुणवान गृहस्थ या अर्थाचा ‘शरीफ’ त्या काळच्या इंग्रज शेतकऱ्याच्या कानी पडला असता तर शेरीफाशी त्याचे नाते आहे हे त्याने कधीच मान्य केले नसते.

७. सत्ता गेली, शब्द पसरला

१४६१ च्या कायद्याने शेरीफाचे उरलेसुरले फौजदारी अधिकार स्थानिक न्यायाधीशांकडे गेले. ट्यूडर राजांच्या काळात शायराची फौजही दुसऱ्याच्या हाती देण्यात आली. आज इंग्लंडात हा वर्षभराचा मानाचा हुद्दा असून तेथील राजा नेमणुकीच्या कातडी यादीवर नावासमोर दाभणाने छिद्र पाडून संमती देतो. पहिल्या एलिझाबेथ राणीस शिवणकाम करीत असता लेखणी सापडली नाही म्हणून ही चाल पडली अशी आख्यायिका आहे, परंतु तिच्या आजोबांच्या कारकिर्दीतही असे छिद्र पाडीत.

स्कॉटलंडात मात्र शेरीफ हा न्यायाधीश झाला आणि अद्यापि आहे. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट १७९९ पासून सेल्कर्कशायरचा असा शेरीफ होता. अमेरिकेत हा हुद्दा वसाहतवाल्यांनी नेला. व्हर्जिनियात १६३४ साली शायरे पाडली गेली आणि त्यांबरोबर शेरीफ आले. पुढे तेथे बहुतेक राज्यांत ही जागा लोकनियुक्त झाली. राजाचा माणूस म्हणून जन्मलेला शेरीफ तेथे मतदारांपुढे मते मागू लागला. त्याच्या हाकेसरशी चोराच्या पाठलागास निघणाऱ्या गावकऱ्यांच्या टोळीस जे नाव आहे, ‘पॉसी’, ते मात्र ‘शायराचे बळ’ या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन संज्ञेचा तुकडा आहे.

८. मुंबईस

हिंदुस्थानात हा शब्द पहिल्या जॉर्ज राजाच्या १७२६ च्या सनदेने आला. त्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयरचे न्यायालय स्थापन झाले आणि न्यायालयाचे समन्स बजावण्यास, जप्ती व हुकूमनाम्यांची अंमलबजावणी करण्यास दरसाल एक शेरीफ नेमण्याची तजवीज झाली. न्यायालये बदलली, उच्च न्यायालय आले, तरी बजावणीचे हे काम त्याच कचेरीकडे राहिले. एकोणिसाव्या शतकात ही जागा एतद्देशीयांस मिळू लागली. वैद्यक आणि पुरातत्त्व या दोन्ही विद्यांत नाव मिळविलेले डॉक्टर भाऊ दाजी लाड हे १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. स्वातंत्र्यानंतर दिलीपकुमार, सुनील गावस्कर अशा नामवंतांस हा मान मिळाला. मद्रासची जागा १९९८ मध्ये रद्द झाली. कलकत्ता आणि मुंबई येथील शिल्लक आहेत.

‘नगरपाल’ ही मराठी संज्ञा ज्यांनी योजिली त्यांनी जाणून किंवा न जाणता मूळ शब्दाचे दोन्ही अवयव राखले आहेत : शायराच्या जागी नगर, रीव्हच्या जागी पाल. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक जुनी वहिवाट. मुंबईत एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर शहराचे मत प्रकट करावयाचे असले, थोर पुरुषाच्या मृत्यूबद्दल शोक व्यक्त करावयाचा असला, किंवा दुष्काळासाठी निधी उभारावयाचा असला, म्हणजे काही प्रमुख नागरिक सह्या करून शेरीफास विनंतीपत्र देत, आणि शेरीफ आपल्या नावाने टाउन हॉलात सभा बोलावीत असे. अशी सभा कोणा एका पक्षाची न राहता शहराची समजली जाई. राजाच्या फौजेचा, किल्ल्याचा आणि मक्त्याचा लेशही या शेरीफाजवळ नव्हता. तरी एडगर राजाच्या काळापासून शायराच्या लोकांना एकत्र बसविण्याचे जे काम शीरगेरेफाकडे चालत आले होते, ते फोर्टातल्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आलेल्या मुंबईकरांसाठी तो करीत होता.